सुकट तिकडे, सिगार इकडे: टाउनहाउसच्या सामाईक भिंतीतून वास परत परत का येतो

डिसेंबर उजाडला की आमच्या असोसिएशनच्या इमारत समितीकडे एकच तक्रार येते, फक्त घरनंबर बदलतो. शेजारच्या घरातला वास आमच्याकडे येतो. गेल्या वर्षी फटीत फोम मारून घेतला होता तेव्हा थांबला होता, आता परत सुरू झालाय. काहींना वास नाही, पण त्या भिंतीवरच्या आउटलेटमधून गार वारा येतो. काहींना दोन्ही.

मी न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये, म्हणजे सामाईक भिंतींनी एकमेकांना चिकटलेल्या सहा घरांच्या ओळीत, मधल्या घरात राहते. घर २००६ चं, लाकडी चौकटीचं, तीन मजली. सिव्हिल इंजिनिअर आहे म्हणून मला समितीवर ओढलं गेलं, पण या विषयातली पहिली चूक मी माझ्याच घरात केली होती. डावीकडचे आजोबा संध्याकाळी सिगार ओढायचे आणि तो वास थेट आमच्या जेवणघरात यायचा. आमच्याकडे सुकट भाजली की त्यांच्याकडे काय होत असेल, हा विचार मी बराच काळ सोयीस्करपणे टाळला. शेवटी एका रविवारी त्यांनीच फार सभ्यपणे विचारलं, तुमच्याकडे काही जळतंय का?

मग मी तेच केलं जे सगळे करतात. भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, म्हणजे बेसबोर्ड काढला, खालच्या फटीत भोकं पाडली आणि दुकानातून आणलेला नारिंगी फोमचा अख्खा डबा आत सोडला. महिनाभर शांतता. मग सिगार परत. दोन वर्षांनी तळघराच्या कामाचं परमिट काढलं, तेव्हा टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने जॉइस्टच्या, म्हणजे मजला पेलणाऱ्या तुळईच्या, टोकाशी लोंबणारा तो फोम पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: हे कुठल्या लिस्टिंगमध्ये, म्हणजे आगीच्या चाचणीत उतरलेल्या बांधणीच्या कुठल्या नोंदीत, बसतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक अख्खा शनिवार पुट्टीच्या पात्याने तो खरवडण्यात गेला.

वासाचा प्रकार आधी

गॅसचा वास असेल, किंवा शेजारच्या गराजमधल्या गाडीच्या धुराचा असेल, तर पुढचं काही वाचू नका. घराबाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धुराचा वास आला नाही म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. त्याचे अलार्म प्रत्येक झोपण्याच्या मजल्यावर चालू आहेत ना, एवढं आज तपासा.

आता स्वयंपाकाचा, सिगारेटचा, धूपाचा वास. तो भिंतीतूनच येतो असं सगळे गृहीत धरतात. आमच्या ओळीत निदान दोन घरांत तो भिंतीतून येतच नव्हता. एका ठिकाणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचं बाहेरचं तोंड या घराच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होतं. दुसऱ्या ठिकाणी पाहुण्यांच्या न वापरलेल्या बाथरूममधल्या फरशीच्या जाळीखालचा ट्रॅप (गटाराचा वास अडवणारं पाणी धरून ठेवणारा बाक) सुकला होता आणि ‘शेजारचा’ म्हणून बदनाम झालेला वास गटाराचा होता. जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि तक्रार मिटली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होऊ नये म्हणून आधी ही दोन कारणं बाद करा.

मग ओळखा: तुमची फायरवॉल नेमकी कुठली?

फायरवॉल म्हणजे दोन घरांमध्ये आग अडवणारी भिंत. ती कुठली हे कुणीच विचारत नाही, आणि सगळी दुरुस्ती यावरच अवलंबून आहे. खोलीत उभं राहून जी रंगवलेली भिंत दिसते, तीच फायरवॉल असेल असं नाही.

अमेरिकेत बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम आयआरसी या नमुना संहितेवर बेतलेले आहेत. टाउनहाउसच्या भिंतींबद्दलचं कलम आहे आर३०२.२. ढोबळमानाने, दोन घरांमध्ये एकतर प्रत्येकाची आपापली एक तासाची, म्हणजे चाचणीत तेवढा वेळ आग रोखणारी, भिंत हवी, नाहीतर दोघांत मिळून एक सामाईक भिंत. सामाईक असेल तर स्प्रिंकलर असलेल्या घरांना एक तासाची आणि नसलेल्यांना दोन तासांची. ती पायापासून छताच्या प्लायवूडच्या खालच्या अंगापर्यंत सलग असावी लागते. तुमच्या राज्याने कुठली आवृत्ती घेतली, त्यात काय बदललं आणि तुमचं घर कुठल्या साली बांधलं, यावर तपशील फिरतात.

लाकडी घरांत ही भिंत मुख्यतः दोन पद्धतींनी बांधलेली आढळते.

पहिली शाफ्टलायनरची. दोन घरांच्या लाकडी चौकटींच्या मधोमध, दोन्हींपासून सुटी, जिप्समची एक उभी पडदी असते. एक इंच जाडीचे दोन बोर्ड पाठीला पाठ लावून, ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या पत्र्याच्या स्टडमध्ये बसवलेले. दोन्ही बाजूंना निदान पाऊण इंचाची मोकळी फट, मग तुमच्या घराचे स्टड, म्हणजे चौकटीचे उभे लाकडी खांब, आणि त्यावर तुमची ड्रायवॉल, म्हणजे खोलीतून दिसणारे जिप्समचे बोर्ड. यूएल या चाचणी करणाऱ्या संस्थेच्या यादीत यू३३६ हे याचं प्रसिद्ध डिझाइन. आमची भिंत याच जातीची आहे. यात दोन तासांची जबाबदारी मधल्या पडदीवर असते, खोलीतल्या ड्रायवॉलवर नाही.

दुसरी पद्धत साधी: लाकडी स्टड आणि त्यांवर पाच अष्टमांश इंचाचा टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ सोसणारा जिप्समचा, बोर्ड. दोन्ही बाजूंना एकेक थर असला तर यू३०५ सारखं एक तासाचं डिझाइन होतं. दोन तासांसाठी थर वाढतात. इथे खोलीत दिसणारी ड्रायवॉल हीच फायरवॉल. तिला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे फायरवॉलला पाडलेलं भोक.

ओळखायचं कसं? अ‍ॅटिकमध्ये किंवा अर्धवट राहिलेल्या तळघरात टॉर्च घेऊन जा. दर दोन फुटांवर पत्र्याची उभी पट्टी आणि मध्ये जाडजूड बोर्ड दिसले तर शाफ्टलायनर. लाकडी स्टडवर थेट ठोकलेली ड्रायवॉल दिसली तर दुसरा प्रकार. सिमेंटचे ब्लॉक दिसले तर तिसराच. ब्लॉकच्या भिंतीत मला नेहमी सापडलेला दोष एकच, सगळ्यात वरचा थर आणि छत यांच्यामधली फट. खात्री हवी असेल तर टाउनशिपच्या बांधकाम खात्यात घराचे मूळ नकाशे मागता येतात. नकाशावर डिझाइनचा नंबर छापलेला असतो.

जाता जाता ‘तास’ म्हणजे काय तेही सांगते, कारण समितीच्या बैठकीत दर वेळी कुणीतरी म्हणतं की दोन तासांत बंब येतोच. हे तास भट्टीतले आहेत. एएसटीएम ई११९ या चाचणीत भट्टीचं तापमान पाच मिनिटांत ५३८ अंश सेल्सिअस, दहा मिनिटांत ७०४, तासाला ९२७ आणि दोन तासांना १०१० अंशांवर नेतात. पलीकडच्या अंगाचं तापमान सुरुवातीपेक्षा सरासरीने १३९ अंशांहून जास्त चढता कामा नये. जिप्सम हे साधतं कारण त्याच्या वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी त्याच्या स्फटिकातच बांधलेलं असतं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते. भट्टीत भिंतीला केबलवाल्याने पाडलेलं भोक नसतं. तुमच्या घरात असतं.

अगरबत्तीची चाचणी

थंडीच्या दिवशी, बाहेर वारा नसताना करा. सगळ्या खिडक्या बंद करा, बाथरूमचे पंखे आणि स्वयंपाकघरातली चिमणी चालू करा. घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि घर प्रत्येक फटीतून हवा आत ओढायला लागतं. अगरबत्ती पेटवून सामाईक भिंतीजवळ हळूहळू फिरवा: आउटलेट, स्विच, बेसबोर्डचा खालचा काठ, भिंत आणि छत यांचा कोपरा, दर्शनी आणि मागच्या भिंतीला मिळणारे कोपरे. धूर सरळ वर गेला तर ठीक. तो खोलीच्या आत लोटला गेला तर तिथून हवा येते आहे. पेन्सिलने खूण करा.

दोन सूचना. गॅसचा जुन्या पद्धतीचा वॉटर हीटर असेल, म्हणजे ज्याचा धूर आपोआप वर चढून जातो, तर चाचणीपुरता तो पायलटवर, म्हणजे नुसत्या छोट्या ज्योतीवर, ठेवा. नाहीतर पंखे त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतात. दहा-पंधरा मिनिटांत काम उरका. आणि अ‍ॅटिकमध्ये अगरबत्ती नेऊ नका. तिथे वेगळी युक्ती आहे, ती पुढे.

आमच्या घरी सगळ्यात जास्त हवा खालच्या मजल्यावर, बेसबोर्डच्या काठाने येत होती. हिवाळ्यात हे अपेक्षितच आहे. उबदार हवा वर चढते, वरच्या मजल्यांतून निसटते आणि खाली तिची जागा घ्यायला बाहेरची हवा ओढली जाते. शाफ्टलायनरच्या दोन्ही अंगांची ती पाऊण इंचाची फट तळघरापासून छतापर्यंत जाते. म्हणजे घराच्या पोटात तीस फुटी चिमणीच. मजल्यांच्या पातळीवर त्या फटीत अग्निरोध म्हणून खनिज लोकर कोंबलेली असते, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. खनिज लोकर ज्वाळा रोखते. हवा रोखत नाही. म्हणून वास आला म्हणजे भिंत नापास, असं समजून घाबरू नका. उलट वास येत नाही म्हणजे भिंत शाबूत, असंही नाही.

नुसता गार वारा येत असेल आणि वास नसेल, तर ती बहुधा बाहेरचीच हवा असते: फटीची टोकं दर्शनी आणि मागच्या बाजूला साइडिंगच्या मागे उघडतात, तिथून शिरलेली. वासही असेल तर हवा शेजाऱ्याच्या फटीतून पडदीच्या सांध्यांतून किंवा कडेने वळसा घालून येते आहे.

फोम परत परत का हरतो

नारिंगी डब्यावर ‘फायरब्लॉक’ लिहिलेलं असतं. लोक ते ‘फायरस्टॉप’ असं वाचतात. दोन्हींत बरंच अंतर आहे. फायरब्लॉक म्हणजे एकाच घराच्या पोकळ्यांतून आग वर-खाली पसरू नये म्हणून केलेली अडवणूक. आतल्या भिंतीच्या वरच्या लाकडात वायरीसाठी पाडलेलं भोक, वगैरे. फायरस्टॉप म्हणजे तासांच्या भिंतीला पाडलेलं भोक पुन्हा तेवढ्याच तासांचं करणं, आणि तेही एएसटीएम ई८१४ किंवा यूएल १४७९ या चाचण्यांत उतरलेल्या पद्धतीने. डब्यातला फोम स्वतः जळतो. नारिंगी रंग इन्स्पेक्टरला दिसावा म्हणून आहे. त्याने आग विझत नाही.

शाफ्टलायनरच्या फटीत तो मारण्यात आणखी एक खोट आहे, आणि ती मला फोम खरवडताना कळली. ती पडदी तुमच्या चौकटीला अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या क्लिपांनी धरलेली असते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. एका घराला आग लागली की त्या बाजूच्या क्लिपा मऊ होऊन सुटतात, जळणारी चौकट कोसळते, आणि पडदी दुसऱ्या घराच्या क्लिपांच्या आधाराने उभी राहते. चौकट पडताना भिंतीला सोबत घेऊन जाऊ नये म्हणून ही सोय. मी त्या फटीत फोम कोंबून चौकट आणि पडदी एकमेकांना चिकटवत सुटले होते. सिगारचा वास घालवायला.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. नव्या घरांना हवाबंदपणाची चाचणी द्यावी लागते. आयईसीसी या ऊर्जाबचतीच्या नमुना संहितेत २०१२ च्या आवृत्तीपासून आपल्या थंड पट्ट्यांत मर्यादा आहे ती ५० पास्कल दाबाला तासाला तीन वेळा हवा बदलण्याची, आणि टाउनहाउसची मधली घरं या फटीमुळेच तिथे अडकतात. बांधकामवाले फोम मारत, इन्स्पेक्टर तो काढायला लावत, अशी ओढाताण बराच काळ चालली. नंतर चाचण्या झाल्या आणि काही शाफ्टलायनर डिझाइनच्या यूएल मजकुरात त्या फटीत ठरावीक कंपनीचा ठरावीक फोम चालेल असं नमूद झालं. म्हणजे फोम सरसकट निषिद्ध नाही. पण तुमच्या भिंतीच्या डिझाइनमध्ये त्या उत्पादनाचं नाव छापलेलं हवं. ‘तसलाच दुसरा’ चालत नाही. हॅन्डीमन म्हणाला ‘सगळे हाच वापरतात’, तर त्याला लिस्टिंगचं पान दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात तो पुन्हा फोन उचलत नाही.

फोम महिन्याभरात हरतो याचं कारण मात्र नियमांत नाही. तीस फूट उंच आणि घराच्या खोलीएवढ्या लांब फटीत तुम्ही एका जागी बूच मारता. हवा हातभर बाजूने येते.

मग करायचं काय, शाफ्टलायनर असेल तर

फटीला हात लावू नका. आपली ड्रायवॉल हवाबंद करा. ती तुमची आहे, तासांचा भार तिच्यावर नाही, आणि खोलीत बसून करता येतं. (भार नाही म्हणून ती काढून मात्र टाकू नका; चाचणी झाली तेव्हा ती जागेवर होती.)

बेसबोर्ड काढून ड्रायवॉलचा खालचा काठ आणि सबफ्लोर (फरशीखालचा लाकडी थर) यांच्यातली फट न सुकणाऱ्या सीलंटने भरा. आवाज रोखायला वापरतात तो अकूस्टिकल सीलंट उत्तम, कारण तो लवचीक राहतो. ऋतूप्रमाणे लाकूड हलतं आणि साधा पेंटरचा कॉक दोन हिवाळ्यांत तडकतो. आउटलेटचे ब्रेकर बंद करून कव्हर काढा, डब्याभोवतीची फट भरा आणि कव्हरखाली फोमची पातळ गॅस्केट घाला. ती काही पैशांत मिळते. मग सगळ्यात दुर्लक्षित जागा: अ‍ॅटिकमध्ये जाऊन इन्सुलेशन बाजूला सारा आणि सामाईक भिंतीच्या वरच्या लाकडाला ड्रायवॉल मिळते ती रेषा सील करा. हवा खालून आत येते कारण ती वरून बाहेर जाते. वरचं भोक बुजलं की खालचं ओढणं कमी होतं. तळघरात जॉइस्टची टोकं सामाईक भिंतीला मिळतात तिथे तुकड्यातुकड्यांनी काम करावं लागतं, आणि पाठ धरते.

आमच्याकडे दोन वीकेंड लागले. सिगारचा वास सुमारे नव्वद टक्के गेला, असं माझं नाक सांगतं. नंतर ब्लोअर डोअरवाल्याला, म्हणजे दारात मोठा पंखा बसवून घराची गळती मोजणाऱ्याला, बोलावलं तेव्हा त्याने एक चांगली गोष्ट सांगितली: जमल्यास दोन्ही घरांत एकाच वेळी पंखे लावून चाचणी करा. दोन्ही घरांत सारखा दाब असला की सामाईक भिंतीतली गळती जवळजवळ शून्य होते, आणि एका पंख्याचा आकडा व दोन पंख्यांचा आकडा यांतला फरक म्हणजे त्या भिंतीतून जाणारी हवा. आजोबा आनंदाने तयार झाले; त्यांना सुकटीचा हिशोब हवा होता.

टीव्ही टांगायचा असेल तर या प्रकारात चिंता कमी. अर्धा इंच ड्रायवॉल, साडेतीन इंच स्टड, पाऊण इंच फट, म्हणजे पावणेपाच इंचांनंतर पडदी लागते. तीन इंचांचा स्क्रू तिथवर पोचत नाही.

आणि ड्रायवॉल हीच फायरवॉल असेल तर

इथे आउटलेटचा डबासुद्धा नियमात येतो. स्टीलचा डबा १६ चौरस इंचांपेक्षा मोठा नको, दर १०० चौरस फूट भिंतीत अशा सगळ्या डब्यांची उघडी जागा १०० चौरस इंचांवर जाऊ नये, आणि डबा व ड्रायवॉल यांच्यातली फट एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त नको. भिंतीच्या दोन अंगांचे डबे एकमेकांपासून आडवे २४ इंच तरी दूर हवेत. तेवढे नसतील तर लिस्ट केलेले पुट्टी पॅड (आग रोखणाऱ्या पुट्टीच्या चकत्या) डब्याच्या पाठीला गुंडाळतात. प्लास्टिकचे डबे लिस्टिंग असलेलेच. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गडबड इथे आहे: एका घराचा टीव्हीचा आउटलेट आणि दुसऱ्या घराचा पलंगाशेजारचा, एकाच स्टडच्या पोकळीत पाठीला पाठ लावून. मग वास काय, गप्पाही ऐकू येतात.

या भिंतीत खोबणीचा टीव्ही बॉक्स, आरशाचं कपाट, भिंतीतले स्पीकर, यांपैकी काहीही कापून बसवायचं नाही. सामाईक भिंतीच्या पोकळीतून पाण्याचे नळ, डक्ट आणि व्हेंट न्यायलाही संहितेत मनाई आहे. विजेच्या वायरींना परवानगी आहे. कुणी आधीच कापून ठेवलं असेल तर तो तुकडा पाच अष्टमांश टाइप एक्सनेच भरायचा, मागे लाकडी आधार देऊन, सांध्यांवर टेप आणि कंपाउंड. दुकानातली जाळीची चिकटपट्टी आणि वर स्पॅकल, हे रंगाखाली छान दिसतं आणि आगीत काही मिनिटं टिकतं. दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल जिप्सम असोसिएशनची जीए-२२५ ही पुस्तिका कॉन्ट्रॅक्टरपुढे ठेवा.

अ‍ॅटिक

खोलीतलं काम झालं तरी वास राहिला तर उत्तर बहुधा वर आहे. शेजाऱ्यांशी वेळ ठरवा. त्यांनी आपल्या अ‍ॅटिकचा दिवा लावायचा, तुम्ही तुमच्याकडे संपूर्ण काळोख करून पाच मिनिटं थांबायचं. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे भोक. आमच्या ओळीत पाच अ‍ॅटिकमध्ये हे केलं. तीन ठिकाणी केबलवाल्यांनी पाडलेली भोकं होती, एकात तर मुठीएवढं आणि त्यातून एकच काळी वायर. दोन ठिकाणी सोफिटच्या (छताच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या अंगाच्या) कोपऱ्यात बोर्ड छतापर्यंत पोचलेलाच नव्हता. बांधतानापासून. पहिलं इन्स्पेक्शन कसं पार पडलं ते विचारू नका.

वायर किंवा पाइप आरपार जातो तिथे लिस्ट केलेली फायरस्टॉप पद्धत लागते. यूएलचा नंबर वाचता आला तर कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला गुंडाळू शकत नाही. डब्ल्यू-एल म्हणजे चौकटीची भिंत, डब्ल्यू-जे म्हणजे काँक्रीट किंवा ब्लॉकची. पुढचा आकडा १००० च्या घरात असेल तर धातूचा पाइप, २००० म्हणजे प्लास्टिकचा, ३००० म्हणजे केबल. पांढऱ्या पीव्हीसी पाइपभोवती केबलची पद्धत वापरून चालत नाही. प्लास्टिक वितळून जातं आणि मागे पाइपाएवढं भोक उरतं. म्हणून तिथे तापल्यावर फुगून ते भोक आवळणारा मसाला किंवा कॉलर लागते. तुमच्या परिस्थितीला जुळणारी पद्धत सापडली नाही तर सीलंट बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर लेखी मत देतात. ते इन्स्पेक्टरपुढे ठेवायचं. शाफ्टलायनरच्या पडदीला मात्र आरपार भोक असूच नये असं मी म्हणेन: वायर काढा, बोर्ड डिझाइनप्रमाणे दुरुस्त करा.

छत बदललं असेल तर

हा भाग वासाचा नाही, पण अ‍ॅटिकमध्ये गेलाच आहात तर वर बघा. भिंत छताच्या वर पॅरापेट, म्हणजे कठडा, म्हणून काढलेली नसेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट छताचा प्लायवूड आग-प्रतिरोधक हवा, किंवा त्याखाली पाच अष्टमांश टाइप एक्स बोर्ड. त्या चार फुटांत छताला एकही भोक नको.

न्यू जर्सीला या प्लायवूडची जुनी ओळख आहे. १९८० च्या दशकात पॅरापेटऐवजी तो सर्रास वापरला गेला, आणि त्यातली रसायनं छताच्या उन्हाने लाकूडच खाऊ लागली. काही वर्षांतच प्लायवूड काळपट आणि ठिसूळ झाला, पायाखाली तुटू लागला. दुरुस्तीच्या खर्चासाठी राज्याच्या गृहवॉरंटी कायद्यात तरतूद करावी लागली. त्यानंतरची रसायनं सुधारलेली आहेत. आत्ताचा त्रास वेगळा: छत बदलणारे ओलसर झालेली पाटी काढतात आणि तिथे साधं ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपट्यांचा बोर्ड, ठोकतात. आणि ओळीतल्या सगळ्या घरांवरून एकच सलग रिज व्हेंट (छताच्या माथ्यावरची हवा जायची फट) टाकतात, फायरवॉलवरूनसुद्धा. आमच्या छताच्या कोटेशनमध्ये मी आता दोन ओळी हाताने लिहिते: भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार फूट शिक्का असलेला आग-प्रतिरोधक प्लायवूड, आणि रिज व्हेंट भिंतीच्या चार फूट अलीकडे थांबवा. शिंगल चढण्याआधी शिक्क्यांचे फोटो मागते.

कुणाची भिंत, कुणाचा खर्च

गावाकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे मास्टर डीड, म्हणजे कुठला भाग कुणाचा हे ठरवणारा असोसिएशनचा दस्तऐवज आहे, ते एकदा वाचा. काही ठिकाणी ड्रायवॉलच्या मागचं सगळं असोसिएशनचं, काही ठिकाणी भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत तुमचं. आपल्या ड्रायवॉलचा काठ सील करायला कुणाला विचारावं लागत नाही. पडदीला, टाइप एक्सला किंवा अ‍ॅटिकमधल्या भिंतीला हात लागणार असेल तर असोसिएशनला लेखी कळवा आणि परमिटबद्दल टाउनशिपला विचारा. परमिट म्हटलं की आपले लोक दचकतात. घर विकताना बिनपरमिटची फायरवॉल समोर आली की मग खरे दचकतात. एडिसन-प्लेन्सबरोच्या पट्ट्यात माझ्या ओळखीतल्या दोघांचे सौदे याच कारणाने महिनाभर लोंबले.

काम झालं की प्रत्येक फायरस्टॉपजवळ एक कागद चिकटवा: पद्धतीचा नंबर, तारीख, कोणी केलं, आणि ‘इथे भोक पाडू नका, खालील नंबरला फोन करा’. आमच्या अ‍ॅटिकमध्ये असे सात कागद आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवाला वर गेला, कागद वाचला, खाली येऊन म्हणाला की वायर बाहेरून नेतो.

आजोबांकडून वास अजूनही येतो, वर्षातून पाच-सहा वेळा, पश्चिमेचा वारा असला की. तो भिंतीतून नाही. ते आता मागच्या डेकवर ओढतात, आणि आमच्या बाथरूमच्या पंख्याची बाहेरची झडप नीट बसत नाही. ती बदलायची आहे.